चुलीनं पास केलेली वाईन

हिंगोलीत मी तीन दुकानं फिरले. तिन्हींच्या पाटीवर मोठ्या अक्षरात ‘वाईन शॉप’ लिहिलेलं, अन् एकातही घेण्याजोगी वाईन न्हाई. पहिल्या दुकानाच्या जाळीसमोर पदर नाकाला लावून उभी राहिले, तर माझ्या पुढं नऊ-दहा गडी. एकाच्या तोंडातून गुटख्याची लाळ गळून राहिली होती, दुसरा जाळीतून हात आत घालून ‘दे ना बे लवकर’ करून राहिला होता. पायाखाली चिकट. कशानं चिकट, ते मी खाली वाकून पाहिलं न्हाई. मंगळवारचे सकाळचे अकरा वाजले होते अन् ह्या मढ्यांना घरदार न्हवतं.

अन् त्यांच्या रांगेत मी, रूपाबाई देवला राठोड. कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या तांड्यातलं कोणी तिथून गेलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं. आठ वर्षांमागं बाया गोळा करून तांड्यातल्या हातभट्ट्या फोडणारी मीच. चौदा भट्ट्या होत्या. आंबवलेला मोहाचा सडवा नाल्यात ओतला तर डुकरं दोन दिवस झिंगून पडली, अन् माझ्या लुगड्याचा वास आठ दिवस निघाला न्हाई. त्याच्या आदल्या वर्षी माझा मालक देवला रक्त ओकून गेला होता. त्याच्या अंगाखालचं पोतं मी ह्या हातांनी धुतलंय. तवापासून दारूचा वास आला की समोरचं ताट सरकवावं लागतं. जो तांड्यात बाटली आणील त्याच्या दारात सगळ्या बाया ताटं वाजवत बसतील, असा आमी नेम केला. आठ वर्षांत तो कोणी मोडला न्हाई.

नेम केला नवऱ्यापायी, पण राखला भावापायी. प्रेमदास माझा पाठचा. नाक्यावर पिऊन पिऊन त्याचं पोट घागरीएवढं झालं होतं. बायको शकुंतला दोन लेकरं घेऊन वाशिमकडं माहेरी निघून गेली. मी त्याला उचलून माझ्या ओसरीवर आणला, नांदेडच्या डॉक्टरला दाखवला. डॉक्टर म्हणला, लिव्हर अर्धं गेलंय, आता एक घोट बी गेला तर हा तुमच्या हातून सुटला समजा. त्याला सहा वर्षं झाली. प्रेमदासनं थेंब घेतला न्हाई. हंगामात बॉयलर चालवतो, गावोगाव फिरून लोकांची हळद शिजवून देतो, नखं पिवळी घेऊन घरी येतो अन् लेकरांचा अभ्यास घेतो. गेल्या साली शकुंतला परत आली. उंबऱ्यातच मला म्हणली, “आक्का, ह्यांच्या भरवशावर न्हाई, तुमच्या भरवशावर येऊन राहिले. पुन्हा एकदा प्याले तर मी इचारायला बी थांबणार न्हाई.”

मी म्हणलं, “माझ्या घरात थेंब येणार न्हाई.”

अन् आता मी जाळीसमोर उभी होते, कारण माझ्या पोरीची सोयरीक जमून राहिली होती.

संगिता माझी एकुलती. हिंगोलीत खाजगी शाळेत शिकवते. पुण्याचं स्थळ आलं, पोरगं आपल्याच समाजाचं, कंपनीत नोकरीला, बोलायला शांत. दोघं फोनवर बोलत बसायचे अन् बोलणं झाल्यावर पोरगी एकटीच भांडी घासताना हसायची. बाप गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं न्हवतं. पोरात खोट न्हवती. खोट होती पोराच्या बापात.

वसराम जाधव त्याचं नाव. जन्म सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या तांड्यात, पण कोणत्या तरी खात्यातून साहेब म्हणून रिटायर झाला अन् मंग पाय जमिनीला लागंनात. आमच्याशी आपल्या बंजारा बोलीत, गोरमाटीत बोलायची त्याला लाज वाटायची. चहा दिला तर कपाची कड रुमालानं पुसून घ्यायचा, माझ्या डोळ्यांदेखत. 

आमच्यात सोयरीक पक्की होते ती वाटीनं. तांड्याचा नाईक साक्षीला बसतो, अन् पोरीचा मामा आणि पोराचा बाप एकाच वाटीतून घोट घेतात. तो घोट झाला की शब्द बांधला गेला. आधी त्या वाटीत मोहाची असायची. भट्ट्या फुटल्यापासून आमी वाटीत गूळपाणी घालतो, अन् तांड्यातल्या सात पोरी गूळपाण्यावर गेल्या, सातही सुखात हायेत. हे मी वसरामला सांगितलं तर तो फोनवर हसला.

“गूळपाणी? अहो विहीणबाई, पुण्याहून माझे मित्र येणार आहेत. मी काय तोंड दाखवू त्यांना? दारू मी मागतच नाही. दारूचा मलाही तिटकारा आहे. तुम्ही वाईन ठेवा. वाईन म्हणजे द्राक्षांचा रस, डॉक्टर लोकसुद्धा घ्यायला सांगतात. सहा बाटल्या पुरे. आणि खर्चाला घाबरू नका. चांगली वाईन महागच असते हा अडाणी लोकांचा गैरसमज आहे. स्वस्तातही उत्तम मिळते, फक्त शोधावी लागते.”

शोधावी लागते म्हणे. शोधणार कोण, तर मी. अन् स्वस्त काहून, तर ह्या बाईची ऐपत न्हाई हे त्याला माईत, पण मित्रांपुढं तोंड वर पायजे. मला त्या माणसाची इतकी किळस आली की मी मोबाईल पदरानं पुसला. संध्याकाळी संगिताला म्हणलं, मोडून टाकू सोयरीक. ती भाकर तशीच ठेवून उठली. थोड्या वेळानं जवळ येऊन बसली अन् म्हणली, “याडी, एवढं एक कर. पाहुणेच घेतील. मामाजवळ तर ती जाणार बी न्हाई.”

पोरीचं तोंड पाहिलं अन् मी हो म्हणले.

तर ते पहिलं दुकान. माझा नंबर आला. जाळीमागचा माणूस माझ्याकडं न पाहताच म्हणला, “देशी का इंग्लिश?”

“वाईन.”

त्यानं मान वर केली. “मावशी, वाईन कोण पितं हितं? बीअर देऊ का?” मागचे गडी खिदळले. एकानं माझ्या खांद्यावरून वाकून “मावशीला क्वार्टर दे रे” म्हणलं, अन् त्याच्या तोंडाचा भपकारा माझ्या मानेवर आला. मी मान पदरानं घासत घासतच बाहेर पडले, कातडी लाल झाली तरी घासत होते.

बाहेर अशफाक उभा होता. त्याची रिक्षा मी दिवसभरासाठी सांगितली होती. तांड्यातल्या बायांना दवाखान्यात नेणारा-आणणारा तोच, भला माणूस, पाच वेळची नमाज न चुकवणारा. दुकानाच्या दारात रिक्षा लावायला तयार न्हवता. पन्नास पावलं अलीकडं, चपलांच्या दुकानासमोर थांबला होता.

“मिली क्या, आपा?”

“न्हाई.”

त्याला माझी दया आली असावी. मोबाईल काढून त्यात बोलला, “अच्छी और सस्ती वाईन कौनसी.” मोबाईलनं ढीगभर नावं दाखवली. एकही नाव आमच्या दोघांच्या जिभेवर बसंना. अशफाक वाचता वाचता म्हणला, “तौबा. आपा, आता माझ्या मोबाईलवर ह्याच्याच जाहिराती येत राहतील. हुमेरानं पाहिलं तर घरात घेणार न्हाई मला.” हुमेरा त्याची बायको. मला हसू बी आलं अन् शरम बी वाटली, की माझ्यापायी ह्याच्या चांगल्या मोबाईलला घाण लागली.

दुसऱ्या दुकानात खिडकीच्या काचेत एक बाटली होती. उन्हात उभी राहून तिच्यावरची चिठ्ठी पांढरी पडली होती, झाकणाला गंज, अन् गळ्याशी मेलेली झुरळाची पिल्लं. मालक म्हणला, घ्या, स्वस्तात देतो. चांगली हाय का, म्हणून इचारलं तर म्हणला, चार वर्षांत कोणी तक्रार केली न्हाई. घेतली असती कोणी तर केली असती ना तक्रार.

तिसऱ्या दुकानाचा माणूस जरा बरा होता. म्हणला, नांदेडहून मागवावी लागंल, परवा या. कोणती मागवू? मी म्हणलं, चांगली असावी अन् परवडावी. तो डोकं खाजवत म्हणला, “बाई, मी बी कधी घेतली न्हाई. लाल चालंल का पांढरी?” मी म्हणलं, “रंगाशी मला काय करायचं? सहा द्या.” सहाशेला एक बसली. बाई दोन दिवस वाकून हळद काढते तवा कुठं तेवढे हातात येतात, अन् हे नुसतं लाल पाणी. माझ्या हातानं त्याला पैसे दिले. नोटा देताना असं वाटलं की देवलाच्या तोंडातच परत ओतून राहिले.

गुरुवारी खोकं आणलं. अशफाकनं हात लावला न्हाई, मीच उचलून रिक्षात ठेवलं अन् वर हळदीच्या बेण्याचं पोतं टाकलं. तांड्यात शिरताना चोरासारखी शिरले. आठ वर्षं ज्या वाटेवर मी दुसऱ्यांच्या पिशव्या तपासल्या त्याच वाटेवर.

पण तांड्यात लपतंय काय? तासाभरात जिवनबाई दारात. ही म्हातारी सत्तरीची, भट्ट्या फोडताना माझ्या संगं सगळ्यात पुढं होती. तिचे दोन पोरं दारूनं गेले. ती नुसती खोक्याकडं पाहत उभी राहिली, अन् मला भुई फाटावी असं झालं.

“जिवनबाई, ही दारू न्हाई,” मी म्हणले. “वाईन हाय. द्राक्षांचा रस.”

“कोण म्हणतं?”

“इवाई म्हणतो.”

ती थुंकली. मंग म्हणली, “त्याच्या तोंडाचं काय घेऊन बसली? चुलीला इचार.”

तिचं म्हणणं मला लगेच कळलं. माझी आई भट्टी लावायची, जिवनबाई बी लावायची. आमच्यात दारू जिभेनं पारखत न्हाईत, आगीनं पारखतात. पळीभर चुलीत टाकायची. चांगली असली तर निळी ज्योत फुर्रकन वर उठते. पाणी मारलेली असली तर नुसती फुसफुसते. पोरवयापासून आमी हेच पाहिलं. आगीला कोणी फसवत न्हाई, असं आई म्हणायची.

बाटलीचं बूच निघता निघंना. शेवटी उलथन्याच्या दांड्यानं आत ढकललं. वास आला, आंबट, शिळ्या चिंचेसारखा. मी नाक धरलं. जिवनबाईनं पळी भरली अन् धगधगत्या चुलीत टाकली. चर्र झालं, राख उडाली अन् तेवढ्या जागचे निखारे काळे पडले. तिनं दुसरी पळी टाकली, तिसरी टाकली. चूल विझायला आली, पण ज्योत काही उठली न्हाई.

“न्हाई जळत,” जिवनबाई म्हणली. तिच्या तोंडावरची सुरकुती मोकळी झाली. “रूपा, ही दारू न्हाई.”

दिवस मावळायच्या आत सगळ्या तांड्यात झालं की रूपाबाईनं आणलंय ते चुलीनं पास केलं. बाया येऊन बाटली हातात घेऊन पाहून गेल्या. शकुंतलाला मी एवढंच म्हणलं, पाहुण्यांपुरतं हाय. मी संगिताला सांगितलं, तुझा सासरा एवढं तरी खरं बोलला. ती वह्या तपासून राहिली होती. तिनं वहीवरून मान वर केली न्हाई. “व्हय याडी, असंल,” म्हणली. माझी पोरगी शिकलेली. तिला माईत होतं. अन् मला माईत न्हवतं का? दारूच्या दुकानातून, दारूड्यांच्या रांगेत उभं राहून, दारूच्या भावानं आणलेली चीज रस कशी असंल? पण मला तेच ऐकायचं होतं. आगीनं सांगितलं म्हणलं की माझ्या जिवाला बरं वाटलं, अन् मी पुढं काही इचारलं न्हाई.

रविवारी दुपारी पाहुणे आले, दोन गाड्या भरून. नाईकाच्या अंगणात मंडप टाकला होता. वसरामनं पांढरा सदरा घातला होता अन् बसायच्या आधी खुर्ची रुमालानं झटकली. त्याच्या मित्रांनी आमचे स्टीलचे पेले पाहून एकमेकांकडं पाहिलं. वाईन काचेच्या ग्लासातच घेतात म्हणे. वसरामनं बाटली फिरवून चिठ्ठी वाचली, भुवया उडवल्या. “ठीक आहे. या भागाच्या मानानं बरीच बरी आहे.” मित्र हसले. तोंडात घेऊन गुळण्या केल्यासारखं करून राहिले होते, गिळताना डोळे मिटत होते. शी. पाच माणसं गुळण्या करून राहिली अन् मी, घरधनीण, पदर सावरत त्यांना हे हवं का, ते हवं का इचारून राहिले.

मंग वाटीची येळ आली.

मी वाटीत गूळपाणी भरून ठेवलं होतं. वसरामनं वाटी उचलली, वास घेतला अन् खाली ठेवली. “विहीणबाई, हे काय? आपण मोकळेपणानं बोललो होतो ना. वाईन आहे, तीच घालू. मामाही घेतील, मीही घेईन. एकाच वाटीतून, तुमच्याच रितीप्रमाणे.”

“प्रेमदास घेत न्हाई,” मी म्हणले.

“काय घेत नाही?”

“दारू.”

“पण ही दारू नाहीच. तुम्हीच तर सगळ्यांना सांगितलंत. जाळून पाहिलीत म्हणे.” तो मित्रांकडं वळून हसला. “आमच्या सुनेच्या मामाला माझ्या वाटीचा विटाळ होतो का?”

नाईकानं माझ्याकडं पाहिलं. जिवनबाई बायांत बसली होती, ती मोठ्यानं म्हणली, “घेऊ दे की, रूपा. जळत न्हाई ती.” बायांनी माना हलवल्या. नाईकाच्या दारात संगिता हिरव्या साडीत उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक. ती तोंड उघडंल असं मला वाटलं. तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली.

प्रेमदास उठून माझ्याजवळ आला. नवा सदरा, नखं पिवळी. हळूच म्हणला, “आक्का, घेऊ का? तू म्हणशील तसं.”

सहा वर्षं तो हेच म्हणून राहिला होता, तू म्हणशील तसं. मी पाहुण्यांकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. शकुंतला चुलीजवळ पुऱ्या तळून राहिली होती, तिचं हिकडं ध्यान न्हवतं.

“घे,” मी म्हणले. “रसच हाय.”

मीच वाटी रिकामी केली अन् मीच बाटलीतून भरली. वसरामनं एक घोट घेऊन वाटी पुढं केली. प्रेमदासनं ती दोन्ही हातांत धरली अन् एक घोट घेतला. नाईक म्हणला, “शब्द पक्का.” हलगी वाजली, बायांनी गाणं धरलं.

प्रेमदासनं वाटी खाली ठेवली न्हाई. तो तसाच उभा. त्याची जीभ वरच्या ओठावरून फिरली, मंग खालच्या ओठावरून. त्याचे डोळे मला दिसले अन् ते डोळे मी वळखत होते. ओसरीवरच्या खाटंवरून मला शिव्या देणारे, माझे पाय धरणारे तेच डोळे. त्यानं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. मंग वाटीच्या कडेला अंगठा फिरवून अंगठा चाटला.

“आक्का,” तो म्हणला, एकदम गोड आवाजात, “चांगली हाय. अजून थोडी घाल.”

वसराम खूष झाला. “बघा, मामांना पटली. मी सांगत नव्हतो? घाला विहीणबाई, घाला.”

सगळा मंडप पाहून राहिला होता. न्हाई म्हणले तर ती दारू हाय हे मला सगळ्यांपुढं कबूल करावं लागलं असतं. तांड्यापुढं, जिवनबाईपुढं, पोरीच्या सासऱ्यापुढं. मी न्हाई म्हणले न्हाई. ज्या हातानं चौदा भट्ट्या फोडल्या त्याच हातानं मी वाटी भरली, काठोकाठ.

वळून पाहिलं तर शकुंतला उभी होती, हातात झारा तसाच. तिनं आपल्या माणसाकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं, मंग बाटली धरलेल्या माझ्या हाताकडं पाहिलं. झारा परातीत ठेवला अन् आमच्या घरी गेली. मी मागं गेले तर ती लेकरांचे कपडे पिशवीत भरून राहिली होती, शाळेची दप्तरं बी काढून ठेवली होती. मी दारात उभी राहिले. माझ्या तोंडाला, हाताला, पदराला सगळा तोच आंबट वास येऊन राहिला होता.

तिनं पिशवीची गाठ मारली अन् माझ्याकडं न पाहता एकच इचारलं.

“आक्का, नाक्यावरून वाशिमची गाडी किती वाजता हाय?”

“चारला,” मी म्हणले.